आधी ‘डायनॅमिक’ बंद करा!

मोबाईलच्या किमतीत प्रोजेक्टर मिळायला लागला आणि मोठा पडदा रूमवर, गच्चीवर, गणपतीच्या मांडवात पोचला. पण त्यावर दिसणारं चित्र खरं आहे का? रिमोट हातात घ्या आणि एक संध्याकाळ द्या. खर्च जवळपास शून्य.

बीबी. लोणार तालुका, बुलढाणा जिल्हा. इथं नवा पिक्चर मल्टिप्लेक्सला बघायचा म्हणजे आधी बेत आखावा लागतो. संभाजीनगर की अकोला, गाडी कोणाची, पेट्रोल कोणाचं, परत कधी येणार? मुली सोबत असतील तर शेवटचा प्रश्न घरात सगळ्यात आधी येतो आणि बऱ्याचदा बेत तिथंच संपतो. बीबीच्या जागी तुमच्या गावाचं नाव टाका, गोष्ट फारशी बदलणार नाही.

म्हणून मग प्रोजेक्टर येतो. चार-पाच जणांनी पैसे काढले की एक छोटा डबा घरी येतो. मॅच, वेबसिरीज, सैराटची पन्नासावी फेरी, सगळं भिंतीवर. पहिले दोन दिवस भारी वाटतं. तिसऱ्या दिवशी तक्रारी सुरू होतात. ‘अंधारातलं काहीच दिसून नाही राहिलं गड्या.’ ‘सगळ्यांचे तोंडं पांढरेफटक काहून दिसतेत?’ ‘मॅच मस्त दिसते, पिक्चर मात्र धुतल्यासारखा.’ मग कोणीतरी ठरवून टाकतं, की डबाच भंगार आहे, अजून पैसे घालून मोठा घेऊ.

थांबा. डबा खरंच कमकुवत असू शकतो. पण बरेचदा घोळ सेटिंगचा असतो. प्रोजेक्टर खोक्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचं चित्र दुकानात, ट्यूबलाईटच्या उजेडात, शेजारच्या डब्यापेक्षा झगमगीत दिसावं असं लावलेलं असतं. तुमच्या अंधाऱ्या खोलीसाठी ते लावलेलंच नसतं. ते नीट लावणं म्हणजे कॅलिब्रेशन.

पासंग काढायचा

शब्द जड वाटतोय? तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर कॅलिब्रेशन तुम्हाला आधीच माहीत आहे. तराजू रिकामा असताना एक पारडं खाली जात असेल तर आपण पासंग काढतो, मगच माल टाकतो. मोंढ्यात वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, हे बघतो. सोयाबीन घेऊन गेलं की ओलावा मोजायचं मशीन बारा दाखवतं की चौदा, यावर भाव ठरतो. मशीनच चुकीचं लागलेलं असेल तर चांगला मालही ओला ठरतो.

प्रोजेक्टरचंही तसंच आहे. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि रंग ठरवणारा कलरिस्ट, असे तिघं मिळून अंधाऱ्या खोलीत, नेमक्या मोजलेल्या पडद्यासमोर बसून एकेका दृश्याचा उजेड ठरवतात. त्यांचा पडदा आणि तुमची भिंत यांचं माप जुळलं नाही, तर त्यांनी पाठवलेलं एक आणि तुमच्यापर्यंत पोचलेलं दुसरंच.

आता ऑपरेटर तुम्हीच

महाराष्ट्राला भिंतीवरची चित्रं काही नवी नाहीत. लुमिए बंधूंचा सिनेमा मुंबईत १८९६ साली आला. त्याआधीच, १८९२ साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा आणि पुढे भिंग. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि मग पडदा तंबूतून जत्रेजत्रेत फिरायला लागला. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथं त्याचा गौरवही झाला. मिळाला तर नक्की बघा. त्यात प्रकाश नावाचे प्रोजेक्टर दुरुस्त करणारे मेकॅनिक आहेत. यंत्राशी माणूस कसा बोलतो ते त्यांच्याकडे बघून कळतं.

त्या जुन्या यंत्रांत उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधून यायचा. कांड्या जळत जायच्या आणि त्यांच्यातलं अंतर वाढायचं. ऑपरेटरनं लक्ष ठेवून ते जुळवलं नाही, तर पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. म्हणजे चित्र नीट ठेवणं हे एका माणसाचं काम होतं. प्रेक्षकांत बसलेल्याला त्याची काळजी नव्हती.

आज तो माणूस नाही. त्याचं काम रिमोटच्या ‘पिक्चर’ नावाच्या मेनूत जाऊन बसलंय आणि रिमोट तुमच्या हातात आहे.

भिंतीपासून सुरुवात

मेनू उघडायच्या आधी भिंतीकडे बघा. आपल्याकडे भिंती आकाशी, पोपटी, गुलाबी असतात. आकाशी भिंत पिवळा-लाल उजेड गिळते आणि निळा परत पाठवते. मग हळदीचा रंग हळदीसारखा दिसणार कसा? साधा पांढरा, चमक नसलेला डिस्टेंपर सगळ्यात बरा. ऑइलपेंटची चकचकीत भिंत मधोमध उजेडाचा डाग पाडते. चादर लावणार असाल तर मागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जातो. आणि चादर ताणून बांधा. घडी पडली की हिरोच्या नाकावरून नदी वाहते.

दुसरी गोष्ट, प्रोजेक्टर भिंतीच्या बरोबर समोर, सरळ ठेवा. तिरपा ठेवून ‘कीस्टोन’नं चौकोन सरळ करणं सोपं वाटतं, पण त्यात यंत्र चित्राचा काही भाग दाबतं, म्हणजे पिक्सेल वाया जातात. त्यापेक्षा खाली दोन विटा किंवा एमपीएससीची जाडजूड पुस्तकं ठेवा. त्यांचाही उपयोग होईल.

तिसरी गोष्ट अंधार. प्रोजेक्टरला काळा रंग पाडताच येत नाही. तो फक्त उजेड पाडू शकतो. पडद्यावरचा काळा म्हणजे उजेड न पडलेली तुमची भिंत. ट्यूबलाईट चालू असेल तर भिंत पांढरीच दिसणार, मग कितीही बटणं दाबा. लाईट बंद, खिडकीला पडदा, आणि मग पुढचं.

दीडशे इंचांचा मोह

खोक्यावर ‘९००० ल्युमेन्स’ असं काही लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. शोधायचा शब्द ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’. यात पांढऱ्या पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. बरेच स्वस्त डबे या मापात काही शेच भरतात.

आता एक सोपं गणित. अ‍ॅन्सी ल्युमेनला पडद्याच्या क्षेत्रफळानं भागा (चौरस मीटरमध्ये), आलेल्या उत्तराला ३.१४ नं भागा. साध्या पांढऱ्या पडद्यावर साधारण तितके ‘निट्स’, म्हणजे उजेडाची तीव्रता, मिळते. थिएटरमधल्या डिजिटल सिनेमासाठी ठरलेलं माप आहे ४८ निट्स.

समजा तुमचा डबा खरोखर २०० अ‍ॅन्सी ल्युमेनचा आहे. १५० इंचांचा पडदा लावला तर पडद्यावर मिळतात जेमतेम १० निट्स. १०० इंचांवर २३. ७० इंचांच्या आसपास आलात की ४८ होतात. म्हणजे त्याच डब्यात, फक्त दोन पावलं पुढे सरकवून, तुम्हाला थिएटरइतका उजेड मिळतो. मोठा पडदा भारी दिसतो हे खरं, पण उजेड तेवढाच असतो. तूप एका पोळीला लावलं काय आणि सहा पोळ्यांना लावलं काय, वाटी तीच.

आता मेनू उघडा

यंत्र वीसेक मिनिटं चालू राहू द्या आणि मग हे क्रमानं करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीचं चुकलं की पुढचं जुळत नाही.

*एक, मोड.* ‘डायनॅमिक’, ‘व्हिविड’, ‘ब्राइट’ यांपैकी जे काही लावलेलं असेल ते काढा. ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. काही यंत्रांत ‘फिल्ममेकर मोड’ असतो. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांनी मिळून तो आणला, दिग्दर्शकांच्या तक्रारीनंतर. असेल तर तोच लावा. चित्र एकदम मंद आणि पिवळट वाटेल. लगेच परत जाऊ नका, कारण पुढे सांगते.

*दोन, ब्राइटनेस.* नावावर जाऊ नका. हे बटण उजेड वाढवत नाही, काळा कुठून सुरू होतो ते ठरवतं. फार वाढवलं की काळा राखाडी होतो आणि चित्र धुतल्यासारखं दिसतं. फार कमी केलं की काळे केस, काळा शर्ट आणि मागचा अंधार एक होऊन जातात. रात्रीचं दृश्य थांबवा आणि कमी करत जा. केसांची बट, शर्टाची घडी दिसेनाशी झाली की एक-दोन पावलं मागे या.

*तीन, कॉन्ट्रास्ट.* हे पांढऱ्याचं टोक. उन्हातलं दृश्य लावा, ढग असलेलं आभाळ किंवा पांढरा सदरा घातलेला माणूस. कॉन्ट्रास्ट वाढवत जा. सदऱ्याच्या चुण्या गायब झाल्या की फार झालं. चुण्या परत दिसेपर्यंत खाली या. मग पुन्हा ब्राइटनेस तपासा, कारण दोन्ही बटणं एकमेकांना थोडी ढकलतात.

अचूक करायचं असेल तर ‘एव्हीएस एचडी ७०९’ नावाच्या चाचणी-चित्रांचा संच फुकट मिळतो. त्यात काळ्यापेक्षा जरा उजळ अशा पट्ट्या असतात. व्हिडिओच्या मापात १६ म्हणजे पूर्ण काळा आणि २३५ म्हणजे पूर्ण पांढरा. १६ च्या पुढच्या एक-दोन पट्ट्या जेमतेम दिसाव्यात आणि १६ च्या आतल्या दिसू नयेत, की जमलं.

*चार, रंगाचं तापमान.* इथं ‘कूल’, ‘नॉर्मल’, ‘वॉर्म’ असे पर्याय असतात. सिनेमा आणि टीव्हीचा पांढरा रंग जगभर साधारण ६५०० केल्विनला धरतात. बहुतेक यंत्रांत ‘वॉर्म’ त्याच्या जास्त जवळ जातो. ‘कूल’ निळसर असतो आणि म्हणूनच जास्त पांढरा वाटतो. आजोबांच्या धोतराला नीळ का घालायचे? पिवळेपणा झाकून कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून. ‘कूल’ म्हणजे सगळ्या पिक्चरला घातलेली नीळ. आपले डोळे त्याला सरावलेत, म्हणून खरं चित्र सुरुवातीला पिवळं वाटतं. अर्धा तास बघा. डोळे जुळवून घेतात, आणि मग ‘कूल’ लावलंत तर तेच विचित्र वाटायला लागतं.

*पाच, कलर आणि टिंट.* कलर म्हणजे रंग किती गडद, टिंट म्हणजे तो लालसर की हिरवट. माहितीतल्या गोष्टींवर तपासा. गवत, हळद, माती आणि माणसांची कातडी. गवत रेडियमसारखं चमकत असेल तर कलर कमी करा. चेहरे उन्हानं भाजल्यासारखे लाल दिसत असतील तरी कमी करा.

*सहा, गॅमा.* मेनूत असेल तर. काळा आणि पांढरा यांच्या मधला सगळा प्रदेश हा ठरवतो. खोलीत थोडा उजेड येत असेल तर २.२, मिट्ट काळोख असेल तर २.४.

*सात, शार्पनेस.* जास्त शार्पनेस म्हणजे जास्त स्पष्ट, असं वाटतं ना? यंत्र फक्त कडांना खोटी पांढरी रेघ ओढतं. सबटायटल्स लावा आणि अक्षरांभोवतीचा पांढरा पदर नाहीसा होईपर्यंत कमी करा.

*आठ, मोशन स्मूदिंग.* सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. हे सेटिंग मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनानं तयार करून घालतं. मग कोट्यवधींचा पिक्चरही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझनं दिग्दर्शक क्रिस्तोफर मॅक्वॉरीसोबत व्हिडिओ टाकून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती. मॅच बघताना हवं तर चालू ठेवा, पिक्चरला बंद.

*नऊ, लॅपटॉप आणि एचडीआर.* लॅपटॉप जोडल्यावर सगळं फिकट किंवा सगळं काळंकुट्ट दिसत असेल, तर एचडीएमआयची रेंज बघा, ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’. दोन्ही यंत्रांवर एकच हवी. आणि छोट्या डब्यावर एचडीआर बंदच बरं. ते बहुतेकदा १००० निट्स किंवा त्याहून तेजस्वी पडदा धरून बनवलेलं असतं. तुमच्याकडे आहेत ४०. त्यात पिक्चर बुडून जातो.

अंधार हा पण सीनच असतो

एप्रिल २०१९. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा भाग आला आणि जगभरातले प्रेक्षक वैतागले, की लढाईत काहीच दिसत नाही. त्या भागाचा कॅमेरामन फेबियन वॅगनर याचं म्हणणं पडलं, की बऱ्याच लोकांचे टीव्ही नीट लावलेलेच नसतात. त्यावर त्याला शिव्याही पडल्या. दोन्ही बाजूंत थोडं तथ्य होतं. प्रेक्षकाकडे स्टुडिओ नसतो हे कॅमेरामननं लक्षात ठेवायला हवं. पण आपणही रात्रीचं दृश्य दिवसासारखं दिसावं अशी अपेक्षा धरू नये.

आपल्याकडची परीक्षा घ्यायची तर राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ लावा. सततचा पाऊस, कंदिलाचा उजेड आणि कोपऱ्यातला काळोख. पंकज कुमार यांचा कॅमेरा. ‘डायनॅमिक’वर तो बघितलात तर काळोख राखाडी होतो आणि भीती पळून जाते. नीट लावलेल्या ब्राइटनेसवर बघितलात तर कोपऱ्यात काहीतरी आहे की नाही, याचा अंदाज घेत बसता. भीती तिथंच तयार होते.

आणि मग प्रश्न कातडीचा

इथपर्यंत सगळं तांत्रिक वाटलं असेल. पण ‘माणसांची कातडी बघून रंग लावा’ असं वर म्हटलं, तेव्हा एक प्रश्न विचारायला हवा होता. कोणाची कातडी?

कोडॅक कंपनीनं हा प्रश्न बरीच वर्षं स्वतःला विचारलाच नाही. १९५० च्या दशकापासून फोटो धुणाऱ्या लॅबमध्ये एक नमुन्याचं कार्ड जायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. पहिली मॉडेल कंपनीतलीच शर्ली नावाची कर्मचारी होती. मग बाया बदलल्या तरी कार्डाचं नाव ‘शर्ली कार्ड’च राहिलं. तिचा चेहरा बरोबर दिसला की मशीन बरोबर, अशी रीत. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसायचे नाहीत. गोऱ्या आणि काळ्या मुलांचा एकत्र फोटो काढला तर काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. कॅनडाच्या संशोधक लॉर्ना रॉथ यांनी हा इतिहास शोधून मांडला. फिल्ममध्ये सुधारणा झाली, पण त्यामागे माणसांच्या तक्रारींपेक्षा चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा जोर जास्त होता. त्यांच्या जाहिरातींत तपकिरी रंगाच्या छटाच दिसत नव्हत्या. वेगवेगळ्या वर्णाच्या बायांचं एकत्र कार्ड यायला नव्वदचं दशक उजाडलं.

आता हे आपल्या भिंतीवर आणा. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ लावा. जब्या उन्हातान्हात काळ्या चिमणीमागे फिरतो. त्याचा रंग, त्याची जात आणि शाळेतली शालू यांच्यामधलं अंतर हाच पिक्चर आहे. सोमनाथ अवघडेला त्यासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेरा विक्रम अमलाडी यांचा. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट ताणून, ‘कूल’ लावून बघितलात तर जब्या उजळतो. ब्राइटनेस फार खाली नेलंत तर त्याचा चेहरा सावलीत जातो आणि डोळ्यांत काय चाललंय ते कळत नाही. दोन्हीकडे जब्या हरवतो.

शेवटाकडे जब्याचं घर डुक्कर खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीसमोरून जातं. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं आहेत. पात्रं काहीच बोलत नाहीत. जे सांगायचं ते भिंत सांगते. उन्हातल्या दृश्यात कॉन्ट्रास्ट ताणला की मागच्या उजळ भागातला तपशील आधी उडतो. ती भिंतच धड दिसली नाही, तर तुम्ही फक्त चार माणसं आणि एक डुक्कर बघितलं.

२०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमनं आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. आपण टाळ्या वाजवल्या. पण फोनच्या कॅमेऱ्यातलं ‘ब्यूटी’ अजून चालूच असतं आणि रिमोटवरचं ‘डायनॅमिक’ही. उन्हात सोयाबीन सोंगणाऱ्या आपल्या लोकांचा रंग हा काही बिघाड नाही, की मशीननं तो दुरुस्त करावा. म्हणून सेटिंग तपासायचं असेल तर परदेशी डेमो व्हिडिओतल्या पोपटांवर आणि फुलांवर तपासू नका. ‘सैराट’ लावा. करमाळ्याकडची माती, विहीर, केळीची बाग आणि आर्ची-परश्याचे चेहरे. ही माती तुम्ही बघितलेली आहे, ही कातडी तुमच्या घरात आहे. यापेक्षा चांगलं चाचणी-कार्ड तुम्हाला कोणती कंपनी देणार?

वहीत लिहून ठेवा

सगळं जमलं की आकडे वहीत लिहा किंवा मेनूचा फोटो काढून ग्रुपवर टाका. दोन संच करा. एक ‘मॅच’, त्यात थोडा जास्त उजेड, स्मूदिंग चालू, दिवा लागलेला चालेल. दुसरा ‘पिक्चर’, त्यात अंधार, वॉर्म, स्मूदिंग बंद. यंत्रात ‘यूजर’ नावाची जागा असेल तर तिथं साठवा. लाईट गेली, कोणी रीसेट दाबलं, लहान भावानं रिमोट चावला, तरी पाच मिनिटांत परत लावता येईल. महिन्यातून एकदा हवेच्या जाळीवरची धूळ काढा. आपल्याकडच्या धुळीत जाळी लवकर बुजते, यंत्र तापतं आणि उजेड कमी होतो.

शेजाऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. त्याची भिंत वेगळी, अंतर वेगळं, यंत्राचं वयही वेगळं. पद्धत घ्या, आकडे तुमचे तुम्ही काढा.

आणि गणपतीत किंवा चौदा एप्रिलला तुमच्या चौकात पडदा लागणार असेल, तर आदल्या दिवशी संध्याकाळी तासभर आधी जा. रस्त्यावरचा दिवा पडद्यावर पडतोय का बघा, प्रोजेक्टरखाली विटा ठेवा, मेनू उघडा. मुलींनो, हे काम आपोआप पोरांकडे जातं. जाऊ देऊ नका. संभाजीनगरचा बेत घरी अडतो, पण रिमोट कोणी अडवत नाही. पडदा तुमच्या चौकात आहे, समोर आज्यांपासून बालवाडीपर्यंत सगळं गाव बसणार आहे, आणि त्यातल्या काहींनी थिएटर आतून कधी बघितलंही नसेल. त्यांच्यासाठी हेच थिएटर आणि तुम्हीच ऑपरेटर. चित्र बिघडलं तर शिट्ट्या तुम्हालाच बसतील. नीट लागलं, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण सगळे पिक्चर बघत असतील.